तीन सेंटिमीटर थर्माकोल

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून एक जुनं हेल्मेट निघालं. आठ-नऊ वर्षांपूर्वीचं, काच पिवळट पडलेली, आतला कपडा फाटून लोंबत होता. टाकायच्या आधी आत काय असतं ते एकदा बघू म्हणून गॅलरीत वर्तमानपत्र अंथरलं आणि हॅकसॉने ते मधोमध कापलं. दहा मिनिटांत दोन फाका. आई शेजारी मटार सोलत बसली होती. तिने वाकून पाहिलं आणि म्हणाली, "अगं बाई, थर्माकोलच की हा! एवढ्यासाठी पंधराशे रुपये मोजतोस होय रे?"

फाकेत दिसत होतं ते असं. सगळ्यांत बाहेर प्लॅस्टिकचं कवच, तीन-चार मिलिमीटर जाडीचं. त्याच्या आत पांढरा थर्माकोल, टाळूपाशी साधारण 3 सेंटिमीटर आणि कानांकडे येता येता पातळ होत गेलेला. मग बोटभर स्पंज, स्पंजवर कपडा. संपलं. लोखंड नाही, स्प्रिंग नाही, काही गुपित यंत्र नाही. चमकतं, रंगीत, महाग दिसतं ते सगळं बाहेरचं. जीव वाचवायचं बरंचसं काम या पांढऱ्या थराचं. हेल्मेट कोणतं घ्यावं, कसं घालावं, कधी टाकावं या सगळ्या प्रश्नांची उत्तरं या तीन सेंटिमीटरमध्ये सापडतात, म्हणून आधी तिथेच थोडं थांबू.

स्कूटरवर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून साधारण दीड मीटरवर असतं. समजा गाडी सिग्नलला उभी आहे, पाय घसरला आणि माणूस कलंडला. गाडीचा वेग शून्य. तरीही दीड मीटरवरून पडलेलं डोकं रस्त्याला टेकतं तेव्हा त्याचा वेग ताशी जवळपास 20 किलोमीटर झालेला असतो. डोक्याचं वजन साडेचार-पाच किलो. म्हणजे मोठ्या कलिंगडाएवढं वजन सायकल जोरात हाणावी त्या वेगाने डांबरावर. "मी काय जोरात चालवतो का, कोपऱ्यावर दूध आणायला तर चाललोय" या युक्तिवादाची हवा इथेच जाते. दूध आणायला जाताना डोक्याची उंची कमी होत नाही.

आता वेगाने इजा होत नाही, थांबण्याने होते. आणि थांबायला किती अंतर मिळालं यावर सगळं अवलंबून असतं. हिशोब अगदी शाळकरी आहे: जितक्या उंचीवरून पडलो तिला थांबायला मिळालेल्या अंतराने भागा, म्हणजे डोक्यावर गुरुत्वाकर्षणाच्या साधारण किती पट मार बसला ते कळतं. उघडं डोकं डांबरावर आपटलं तर त्वचा, केस, कवटीची थोडी लवचीकता असं सगळं धरून समजा 5 मिलिमीटरात ते थांबलं. 1500 भागिले 5 म्हणजे 300 पट. हेल्मेटमधल्या थर्माकोलने चेपत चेपत 25 मिलिमीटर दिले तर 1500 भागिले 25 म्हणजे 60 पट. पडणं तेच, माणूस तोच, रस्ता तोच. फक्त दोन सेंटिमीटर जास्तीचे मिळाले. हा सरासरीचा हिशोब आहे, खऱ्या धक्क्याचा आलेख वेडावाकडा असतो, पण मुद्दा बदलत नाही. आपण पंधराशे रुपयांना अंतर विकत घेतो.

मग प्रश्न येतो की थर्माकोलच का? स्पंज का नाही, रबर का नाही? चांगलं जाड रबर लावलं तर टिकेल तरी. रबराची अडचण अशी की ते घेतलेला धक्का परत करतं. चेंडू आपटला की उडतो, तसं डोकं आत उसळी मारेल. स्पंज तर पहिल्याच दणक्यात पूर्ण चेपून बसतो आणि पुढचा सगळा मार थेट डोक्याला. थर्माकोल म्हणजे साबुदाण्याएवढे फुगवलेले दाणे एकमेकांना चिकटवलेले, आणि प्रत्येक दाण्यात हवेच्या बारीक बारीक कप्प्यांची दाटी. मार बसला की हे कप्पे एकामागून एक चिरडत जातात, आणि चिरडण्यात धक्क्याची शक्ती खर्च होते. परत काहीच येत नाही. टीव्हीच्या खोक्यात येतो त्याच जातीचा हा थर्माकोल, फक्त बराच दाट. 2018 साली राज्यात थर्माकोलवर बंदी आली आणि गणपतीच्या मखरातून तो गेला. डोक्यावरचा तेवढा राहिला, आणि राहायलाच हवा.

पण चिरडलेला कप्पा परत फुगत नाही. म्हणजे एका जागी हेल्मेट एकदाच काम करतं. अपघातात आपटलेलं हेल्मेट बाहेरून नुसतं खरचटलेलं दिसेल, आत त्या जागी थर्माकोल आधीच चेपलेला असेल. पुढच्या वेळी तिथे द्यायला अंतरच शिल्लक नाही. "अजून चांगलं आहे की, नुसता ओरखडा आहे" म्हणून ते वापरणं म्हणजे फुटलेल्या फटाक्याला पुन्हा काडी लावून वाट बघणं.

डोक्याच्या आत काय होतं तेही पाहिलं पाहिजे, कारण इथे बहुतेकांची कल्पना चुकते. आपल्याला वाटतं हेल्मेट कवटी फुटू नये म्हणून असतं. ते आहेच, पण कवटी शाबूत राहूनही माणूस जातो. मेंदू साधारण 1400 ग्रॅमचा आणि पोत खरवसासारखा. डब्यात खरवस घेऊन निघालात आणि डबा दाणकन ओट्यावर आदळलात तर डब्याला पोचा येत नाही, आतला खरवस मात्र तडकतो. कवटी थांबते, मेंदू पाण्यात तरंगत असल्यामुळे पुढे जात राहतो, पुढच्या भिंतीवर आपटतो, मग मागच्या. त्याहून वाईट म्हणजे पिळवटणं. डोकं क्वचितच सरळ आपटतं, बहुतेक वेळा तिरपं लागतं आणि झटक्याने फिरतं. कवटी फिरते, मेंदू मागे राहतो, आणि मधल्या बारीक रक्तवाहिन्या आणि तंतू ताणून तुटतात. बाहेर जखम नाही, रक्ताचा थेंब नाही, माणूस बेशुद्ध. कधी तर तो उठतो, "काही झालं नाही" म्हणतो, घरी जातो, आणि आत साचत गेलेलं रक्त काही तासांनी मेंदूवर दाब टाकू लागतं. डोक्याला मार लागलेल्या माणसाला उलटी झाली, गुंगी यायला लागली की घरी थांबायचं नाही ते यासाठीच.

ही अक्कल माणसाला तशी उशिराच आली. 1935 च्या मे महिन्यात इंग्लंडमध्ये टी. ई. लॉरेन्स, पहिल्या महायुद्धात अरबांच्या बाजूने लढून जगभर नाव झालेला लष्करी अधिकारी, आपल्या मोटरसायकलवरून घरी परतत होता. सायकलवरची दोन मुलं अचानक समोर दिसली, त्यांना चुकवताना तो फेकला गेला आणि सहा दिवसांनी डोक्याच्या दुखापतीने वारला. वय 46. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचा तरुण मेंदूचा सर्जन होता. पुढे दुसरं महायुद्ध सुरू झालं. लष्कराचे निरोप्ये दिवे बंद ठेवलेल्या काळ्याकुट्ट रस्त्यांवरून मोटरसायकली हाकत आणि पटापट मरत. केर्न्सने ते मृत्यू बारकाईने तपासले आणि 1941 साली हेल्मेटचं महत्त्व दाखवणारा निबंध लिहिला. त्याच वर्षाच्या अखेरीस ब्रिटिश लष्कराने आपल्या मोटरसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. सामान्य नागरिकांना मात्र ती सक्ती व्हायला 1973 उजाडावं लागलं, आणि तिकडेही लोकांनी आरडाओरडा केलाच. आत चिरडणारा थर लावायची कल्पना त्या मधल्या काळातली. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांना तिचं पेटंट 1953 मध्ये मिळालं. आजही पायाभूत कल्पना तीच.

हेल्मेट घातल्याने खरंच किती फरक पडतो? जगभरचे अनेक अभ्यास एकत्र करून कॉक्रेन या संस्थेने 2008 साली जो आढावा काढला त्यात मृत्यूचा धोका सुमारे 42 टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा 69 टक्क्यांनी कमी होतो असं निघालं. शंभर टक्के नाही, हे नीट वाचा. ट्रकच्या चाकाखाली आलेल्याला कोणतंच हेल्मेट वाचवत नाही. पण आपल्याकडचा आकडा बघितला की उरलेल्यांचा हिशोब कळतो: केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या 2022 च्या अहवालात हेल्मेट न घातलेल्या 50,029 जणांचा मृत्यू नोंदलेला आहे. त्यात 14,337 जण मागे बसलेले होते. मागे बसणाऱ्याचं डोकंही त्याच उंचीवर असतं, आणि समोर धरायला हँडलही नसतं.

आता दुकानात जाऊ.

भाचीला यंदा कॉलेजसाठी स्कूटर घेतली. गाडीबरोबर वितरकाने दिलेलं हेल्मेट तिच्या डोक्यावर टोपलीसारखं फिरत होतं, म्हणून आम्ही दुसरं घ्यायला गेलो. तिने घरी शिंप्याच्या टेपने डोकं मोजलं होतं. भुवयांच्या बोटभर वर कपाळावरून टेप घ्यायची, कानांच्या वरून मागे डोकं जिथे सगळ्यांत जास्त बाहेर आलेलं असतं तिथून फिरवायची, तीनदा मोजायचं आणि सगळ्यांत मोठा आकडा धरायचा. तिचा आला 57.5 सेंटिमीटर. आपल्याकडच्या हेल्मेटवर माप मिलिमीटरमध्ये लिहितात: 580 म्हणजे मीडियम, 600 म्हणजे लार्ज. म्हणजे तिचं मीडियम.

तिने मागितलं लार्ज. कारण लार्ज डोक्यात सुर्रकन गेलं आणि मीडियम कानांपाशी अडकलं. विक्रेत्यानेही लगेच री ओढली, "ताई, लार्जच घ्या, वापरून वापरून बरोबर बसेल." हे वाक्य मी आजवर किमान तीन दुकानांत ऐकलं आहे आणि ते साफ उलटं आहे. वापरून हेल्मेट घट्ट होत नाही, सैल होतं. आतला स्पंज रोजच्या वापराने दबतो, विशेषतः गालाकडच्या गाद्या. आज जे नेमकं बसतं ते दोन-तीन महिन्यांनी किंचित ढिलं होणार. आज जे ढिलं आहे ते तेव्हा गोट्यांची पिशवी होणार.

सैल असेल तर काय बिघडतं? दोन गोष्टी. आपटल्यावर हेल्मेट रस्त्यावर थांबतं आणि डोकं आतल्या पोकळीतून पुढे जाऊन मग थर्माकोलला भिडतं. त्या पोकळीचा थांबायला काडीचा उपयोग नाही, ती नुसती हवा. दुसरी जास्त धोक्याची: सैल हेल्मेट पहिल्या फटक्यात फिरतं. कपाळावर असायला हवा तो थर डोक्याच्या मागे जातो आणि कपाळ उघडं पडतं. अपघातात माणूस एकदाच आपटत नाही. गाडीवर, मग रस्त्यावर, मग दुभाजकावर. पहिल्या फटक्यात हेल्मेट उडून गेलं तर पुढचे दोन उघड्या डोक्यावर.

म्हणून मीडियमच परत मागवलं आणि तिला नीट घालायला लावलं. दोन्ही पट्टे हातांनी बाहेर ताणून धरायचे, मग पुढून मागे घालायचं. कानांपाशी जरा ओढाताण होतेच, काही कान दुमडतात, ते आत बोट घालून सरळ करायचे. आत गेल्यावर गाल वर ढकलले जातात आणि चेहरा गालफुगी झाल्यासारखा दिसतो. तिने आरशात पाहिलं आणि म्हणाली, "मामा, मी खारीसारखी दिसतेय." अगदी बरोबर. बोलताना गालाची आतली बाजू दाताखाली येतेय असं वाटलं तर नवीन हेल्मेटसाठी ते चांगलं लक्षण. फार चावत असेल तर मात्र पातळ गाद्या आहेत का विचारायचं. काही हेल्मेटमध्ये त्या बदलून मिळतात.

मग मी हनुवटीकडचा भाग धरून हेल्मेट डावीकडे-उजवीकडे फिरवलं. पाहायचं ते हे, की हेल्मेटबरोबर कपाळाची आणि गालांची कातडी ओढली जाते का. ओढली गेली तर उत्तम. हेल्मेट फिरलं आणि चेहरा होता तिथेच राहिला तर ते परत ठेवून द्यायचं, कितीही सुंदर असलं तरी. कपाळ आणि गादी यांच्यामध्ये बोट सहज जाता कामा नये. पट्टा लावल्यावर गळ्याखाली जेमतेम दोन बोटं मावावीत. आणि शेवटची परीक्षा, जी कोणी करत नाही: पट्टा लावून मान पुढे झुकवायची आणि दुसऱ्याने मागून हेल्मेटची खालची कड धरून वर-पुढे ओढायची. निघून आलं तर अपघातातही निघणार.

यानंतर मी तिला ते तसंच घालून दुकानात पंधरा मिनिटं बसवलं. दुकानदार वैतागला. पण हे गरजेचं आहे, कारण माप बरोबर असूनही आकार चुकू शकतो. टेप फक्त घेर सांगते. कोणाचं डोकं नारळासारखं पुढे-मागे लांबट, कोणाचं मोसंबीसारखं गोल. नारळ-डोक्याच्या माणसाने गोल हेल्मेट घातलं की दहा मिनिटांत कपाळाच्या मधोमध एकच जागा ठणकायला लागते आणि बाजूंना मोकळं वाटतं. गोल डोक्याच्या माणसाला लांबट हेल्मेट कानशिलांवर चिमटा काढतं. सगळीकडून सारखा दाब हवा, एका जागी दुखणं नको. दुखलं तर मोठं माप घेऊ नका, दुसऱ्या कंपनीचं किंवा दुसरं मॉडेल बघा. त्यांचा साचा वेगळा असतो. भाचीच्या कपाळावर बाराव्या मिनिटाला लाल टिकली उमटली आणि आम्ही तिसऱ्या कंपनीच्या मीडियमवर गेलो. चश्मा असेल तर चश्म्यासकट बसून बघा. काडी कानशिलावर दाबली गेली की अर्ध्या तासात डोकं उठतं आणि मग हेल्मेट कायमचं आरशाला लटकतं.

केसांचं वेगळं सांगायला हवं. पुण्यात मुली आधी डोक्याला, नाकातोंडाला स्कार्फ गुंडाळतात, त्यावर हेल्मेट. धूळ आणि ऊन पाहता त्यांचं चुकत नाही. पण स्कार्फचे चार थर धरून माप घेतलेलं हेल्मेट स्कार्फशिवाय सैल होतं, आणि गुळगुळीत कापडावरून घसरतंही. एक पातळ सुती थर पुरे, आणि माप त्याच थरासकट घ्यावं. क्लचर लावलेला अंबाडा किंवा उंच पोनी असेल तर हेल्मेट मागे टेकतच नाही, वर तरंगत राहतं, आणि आपटल्यावर क्लचरच्या कडक दात्यांचं काय होतं याचा विचार न केलेला बरा. केस मानेवर खाली बांधायचे. माझी मावशी यासाठी गजराही हेल्मेट काढल्यावर माळते, डिकीत पुडीत ठेवून.

आता पट्टा. मला रोज सिग्नलला दहापैकी तीन-चार डोकी दिसतात ज्यांचा पट्टा वाऱ्यावर उडत असतो. पट्टा न लावलेलं हेल्मेट ही पोलिसाला दाखवायची वस्तू झाली. कितीही महाग घ्या, पहिल्या झटक्याला ते रस्त्यावर घरंगळत जाईल. साधं खटकन लागणारं बकल रोजच्या वापराला ठीक, फक्त पट्ट्याची लांबी दर थोड्या दिवसांनी ओढून नीट करावी लागते, ती आपोआप ढिली होत जाते. दोन कड्यांतून पट्टा ओवायची पद्धत जुनी, लावायला वेळ खाणारी, पण दर वेळी आपल्या गळ्याच्या मापाने लागते. शर्यतीवाले अजून तीच वापरतात.

प्रकारांबद्दल मी फार लांबण लावणार नाही. कपाळापर्यंतची वाटी घालण्यापेक्षा घातलंच नाही असं मान्य करावं. पुढून उघडं असलेलं हेल्मेट टाळू सांभाळतं, जबडा नाही. जर्मनीत हानोव्हरच्या संशोधकांनी अपघातातल्या हेल्मेटवर मार कुठे कुठे बसला ते टिपलं तेव्हा सुमारे एक तृतीयांश फटके हनुवटीच्या भागात निघाले. म्हणून पूर्ण बंद हेल्मेट. "गुदमरतं" ही तक्रार खरी आहे, एप्रिलमध्ये विदर्भात तर फारच खरी, पण त्यावर हवेच्या झडपा नीट उघडझाप होणारं मॉडेल हा उपाय आहे. आणि वर शिंगं, मोरपिसं, कॅमेऱ्याचे खांब चिकटवू नका. हेल्मेट गोल आणि गुळगुळीत असतं ते रस्त्यावरून घसरावं म्हणून. शिंग अडकलं की डोकं पिळवटतं, आणि पिळवटण्याचं वर सांगितलंच आहे. युरोपच्या नव्या नियमात, ज्याला 22.06 म्हणतात, या पिळवटण्याची वेगळी चाचणीही घेतात. तिथल्या आधीच्या नियमात मुख्य आघाताची चाचणी ताशी 27 किलोमीटरच्या वेगाने होई. लोकांना हा आकडा ऐकून धक्का बसतो. पण आठवा, खाली पडण्याचा वेग हा उंचीवर ठरतो. ताशी 60 ने जाणारा माणूसही रस्त्यावर घसरत जातो तेव्हा डोकं आपटतं ते बहुतेक उंचीच्या वेगाने. समोर भिंत, खांब किंवा दुभाजक आला की हिशोब बिघडतो.

रंगाचा प्रश्न भाचीसाठी सगळ्यांत महत्त्वाचा होता, मी त्याला शेवटी ठेवला होता. तिला मॅट काळं हवं होतं. न्यूझीलंडमधल्या, 2004 साली छापून आलेल्या एका अभ्यासात काळ्या हेल्मेटवाल्यांपेक्षा पांढऱ्या हेल्मेटवाल्यांना अपघाताचा धोका 24 टक्क्यांनी कमी आढळला होता, कारण सरळ आहे, ते दिसतात. मी तिला हे सांगितलं. तिने ऐकून घेतलं. शेवटी फिकट पिवळ्यावर तडजोड झाली.

किंमत? मी तिला एकच सांगितलं: महाग म्हणजे जास्त सुरक्षित असं नाही, पण खोटं म्हणजे असुरक्षित हे नक्की. महागड्या हेल्मेटमध्ये पैसा हलकेपणा, हवा, आवाज, काचेचा दर्जा यांत जातो. सुरक्षेची किमान पातळी आयएसआय शिक्क्याने ठरते. आपलं मानक आहे आयएस 4151. 1 जून 2021 पासून हा शिक्का नसलेलं दुचाकीचं हेल्मेट देशात बनवायला किंवा विकायलाच परवानगी नाही. तरीही महामार्गाच्या कडेला दोरीवर टांगलेली दोनशे-अडीचशेची हेल्मेटं तुम्ही पाहिलीच असतील, आणि शिक्का त्यांच्यावरही असतो. शिक्का छापायला फक्त स्टिकर लागतो. खरा शिक्का ओळखायची पद्धत अशी: चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक. तो क्रमांक बीआयएस केअर या सरकारी अ‍ॅपमध्ये टाकला की परवाना कोणाचा, कोणत्या वस्तूचा, चालू आहे की संपला ते कळतं. मी दुकानात उभा राहून तपासलं, अर्धा मिनिट लागला. अ‍ॅप नसेल तर अंगठ्याने बघा: रस्त्याकडेच्या हेल्मेटमध्ये कपड्याखाली बोट दाबलं की बऱ्याचदा सरळ प्लॅस्टिकला लागतं. थर्माकोलच नाही. आमच्या आईने ते पाहिलं असतं तर थर्माकोलला नावं ठेवली नसती.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम 129 प्रमाणे चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट लागतं, चालवणाऱ्यालाही आणि मागे बसणाऱ्यालाही. पगडी बांधलेल्या शीख व्यक्तीला सूट आहे. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांनाही हेल्मेट आणि चालवणाऱ्याला बांधायचा पट्टा हवा, असा नियम 2022 मध्ये झाला, आणि मूल गाडीवर असताना वेग ताशी 40 च्या आत. पुढे उभं केलेलं पोर आणि त्याच्या डोक्यावर वडिलांचं लार्ज हेल्मेट, हे दृश्य बघून माझ्या पोटात गोळा येतो. एवढंसं मानेचं काडं आणि त्यावर सव्वा-दीड किलो हिंदकळणारं वजन. मुलांना मुलांच्याच मापाचं.

पुण्यात 2019 च्या जानेवारीत सक्तीची अंमलबजावणी सुरू झाली तेव्हा लोकांनी पगड्या घालून मोर्चा काढला होता. पुणेरी पगडी मलाही आवडते, पण तिच्यात थर्माकोल नसतो. विरोधातले काही मुद्दे मात्र मला खोटे वाटत नाहीत: गाडी लावल्यावर हेल्मेट ठेवायचं कुठे, खड्डे कोण बुजवणार, दंडाचा रोख रस्त्यावर आणि खोट्या हेल्मेटच्या कारखान्यांवर डोळेझाक. ते प्रश्न विचारावेत, हेल्मेट घालून विचारावेत. "मानेला त्रास होतो", "ऐकू येत नाही", "बाजूचं दिसत नाही" यांतला पहिला मुद्दा बहुतेक वेळा जड आणि सैल हेल्मेटचा असतो. दिसण्याबाबत युरोपच्या नियमात मध्यापासून दोन्ही बाजूंना 105 अंश मोकळे असावे लागतात, म्हणजे खांद्याच्या रेषेच्याही थोडं मागे.

निगा फार नाही. आतला कपडा निघत असेल तर शाम्पूच्या पाण्यात धुवायचा, सावलीत वाळवायचा. कवचाला पेट्रोल, थिनर लावायचं नाही. ज्याला डाग काढायला सगळीकडे पेट्रोल चोळायची सवय आहे त्यांनी हे लक्षात ठेवा, थर्माकोल पेट्रोलमध्ये विरघळतो. प्रयोग करायचा तर वाटीत थेंबभर घेऊन थर्माकोलचा तुकडा टाकून बघा. आरशाच्या टोकावर हेल्मेट लटकवायचं नाही, कारण टोक आत थर्माकोलला खड्डा पाडतं. मी कापलेल्या त्या जुन्या हेल्मेटमध्ये टाळूच्या किंचित मागे असा अंगठ्याएवढा खड्डा मला सापडला. अपघात एकही झाला नव्हता, तो माझ्या आळसाचा ठसा होता. हातातून रिकामं हेल्मेट पडलं तर लगेच घाबरू नका, आत पाच किलोचं डोकं नसताना मार फारसा नसतो. पण एकदा उघडून आत बघा. आपटलं नसलं तरी साधारण पाच वर्षांनी बदलावं, स्पंज बसतो, घाम आणि उन्हाने सांधे सुटतात.

जुन्याचं काय करायचं हा प्रश्न मला माळ्यावरच्या त्या हेल्मेटने घातला. आमच्या गल्लीत दर रविवारी येणारा भंगारवाला अख्खं हेल्मेट आवडीने घेतो, पुसून पुढे विकतो. म्हणून भाचीचं गाडीबरोबर आलेलं ते सैल हेल्मेट तिच्या लार्ज डोक्याच्या काकाला गेलं, आणि घरात दुसरं एक आपटलेलं होतं त्याचा पट्टा मी भंगारात द्यायच्या आधी कात्रीने कापला. भंगारवाला म्हणाला, "काका, पट्टा तोडला तर कोण घालणार हे?"

"कोणी नाही," मी म्हटलं, आणि त्याने ते किलोच्या भावात तागडीत टाकलं.